हो की नाही, एवढंच सांगा ना काका

"काका, अमिनो घेतलं तर चालेल ना?" लालबागमधल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न आठवड्यातून चार-पाचदा तरी येतो. अमिनो म्हणजे अमिनो ॲसिडं, प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, डब्यात भरून विकलेले. मी उलट विचारतो, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" की समोरच्याच्या कपाळावर आठ्या. परवा एकजण म्हणाला, "साधं हो की नाही सांगता येत नाही? विकता तर तुम्हीच." विकतो. मागच्या फळीवर डबे आहेत, आणि सर्दीच्या गोळ्यांपेक्षा त्यात चार पैसे जास्त सुटतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

पूर्वी मी बेधडक 'हो' म्हणायचो. "निरोगी माणसाला काही होत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. ते खोटं नव्हतं, हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला भित्रा ठरवाल. वरणभातातून, अंड्यातून पोटात जातात तीच ही अमिनो ॲसिडं. ज्याचा सगळ्यात जास्त गवगवा, त्या ल्युसिनचंच बघा. दिवसाला साधारण ३५ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर रक्तातला अमोनिया वाढायला लागतो, म्हणजे शरीराला ते झेपेनासं होतं, असं २०१२ साली एका अभ्यासात दिसलं. जिमवाल्या पोराच्या चमच्यात ते तीनेक ग्रॅम असतं. मग घाबरायचं कशाला?

तो अभ्यास पाच जणांवरचा होता, हे मला नंतर कळलं. पाच तरुण, धडधाकट पुरुष. रोज चमचाभर, वर्षानुवर्षं, याचा हिशेब त्यात नाही.

माझं 'हो' बंद झालं ते एका मुलामुळे. समोरच्याच चाळीतला, तिसऱ्या मजल्यावरचा. वय सव्वीस, रात्रपाळीची नोकरी, सकाळी घरी येण्याआधी जिम. झोप येत नाही म्हणाला. कुणीतरी त्याला ट्रिप्टोफॅन सुचवलं होतं, तेही एक अमिनो ॲसिडच. मी म्हटलं, दुधातही असतं ते, घे बिनधास्त. डबा मीच मागवून दिला. आठवडा झाला असेल. दुपारी त्याचा धाकटा भाऊ धावत आला, "काका, दादा कसातरीच करतोय." वर गेलो तर शर्ट घामाने पिळून काढावा असा भिजलेला, हात थरथरतायत, पाय आपोआप उडतायत, डोळे भिरभिरतायत. आई त्याच्या तळपायाला कांदा चोळत होती. चाळीचा जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी खाली आणला, त्यात एक मी. उतरताना तो पुटपुटत होता, "आईला सांगू नका." मला वाटलं, डब्याबद्दल बोलतोय.

डब्याबद्दल नव्हतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारल्यावर निघालं की तो चार महिने नैराश्यावरच्या गोळ्या घेत होता. त्या गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मूडशी संबंधित एक रसायन, टिकवून धरतात, आणि शरीर सेरोटोनिन बनवतं ते ट्रिप्टोफॅनपासूनच. दोन्हीकडून भर पडली आणि ते नको इतकं वाढलं. दोन दिवसांत तो सावरला. पण माझ्या दुकानापासून वीस पावलांवर राहणारा मुलगा ती चिठ्ठी घेऊन दादरला स्टेशनपलीकडच्या दुकानात जात होता. गल्लीत कळू नये म्हणून.

त्याची आई चौथ्या दिवशी आली, डबा काउंटरवर ठेवला आणि काही न बोलता गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

माझ्यातला जुना मी अजून वाद घालतो. म्हणतो, तो निरोगी नव्हताच, म्हणजे तुझं वाक्य खरंच ठरलं. असेलही. २००६ साली अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना आर्जिनिन हे दुसरं अमिनो ॲसिड देऊन पाहिलं. घेणाऱ्यांपैकी सहा दगावले, न घेणाऱ्यांतलं कुणी नाही, आणि चाचणी थांबवली. तेही निरोगी नव्हते. बरं, १९८९ मध्ये तिथेच ट्रिप्टोफॅन घेणारे दीड हजारांवर लोक आजारी पडले, तिसाहून जास्त गेले. बोट दाखवलं गेलं ते एकाच उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धीकडे. म्हणजे तिथे ग्राहक निरोगी होता की नाही हा मुद्दाच नव्हता. डब्यात काय आहे ते मी काउंटरवर उभा राहून कसं ओळखणार? लेबल तुम्ही वाचता तेवढंच मीही वाचतो.

आणि माझा तो उलटा प्रश्न? खरं सांगू, त्या दिवशी विचारला असता तरी तो मुलगा "नाही" म्हणाला असता. बाजूला त्याच्याच मजल्यावरच्या मावशी खोकल्याच्या औषधासाठी उभ्या होत्या. आज तुम्हाला विचारतो तेव्हाही मागे रांग असतेच. तरी विचारतो. आवाज जरा खाली आणतो, इतकंच.

तो मुलगा अजून इथेच राहतो. आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला येतो, सुट्टे नसले तर उद्या देतो म्हणतो. स्वतःच्या गोळ्या चालू असतील तर त्या दादरहूनच आणत असावा. मी विचारलेलं नाही.