ओझर ते लेह, सायकलसह: जाताना शून्य, येताना ४,२०० रुपये

जूनमध्ये मी, माझा भाचा आणि बायको असे तिघं नाशिकजवळच्या ओझरहून दिल्लीमार्गे लेहला जाऊन आलो. दोन सायकली विमानातूनच गेल्या आणि विमानातूनच परत आल्या. जाताना सायकलींपोटी एक रुपयाही जादा पडला नाही. येताना त्याच सायकलींसाठी त्याच कंपनीनं ४,२०० रुपये घेतले. नाशिकहून लेहचा बेत आखणारे सायकलवाले पुष्कळ आहेत, म्हणून हा फरक कशामुळे पडला ते लिहितो.

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर आम्हाला माणशी १५ किलोचं चेक-इन सामान आणि ७ किलोची हातातली बॅग मिळाली. सायकल त्या १५ किलोत धरली जाते की ‘क्रीडासाहित्य’ म्हणून वेगळे पैसे लागतात, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि बदलतंही. म्हणून तिकीट काढण्याआधी कंपनीच्या साइटवरचा सामानाचा नियम पूर्ण वाचा, ग्राहकसेवेला ईमेल करा आणि उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. फोनवरच्या ‘हो सर, चालेल’चा काउंटरवर काही उपयोग होत नाही.

जाताना आम्हाला वाचवलं ते एका पीएनआरनं. तिघांचं तिकीट एकत्र काढलं होतं, आणि आमच्या कंपनीनं तिघांचं वजन एकत्र धरलं: ४५ किलो. माझी हायब्रिड खोक्यासकट १७.८ भरली, भाच्याची रोडबाइक १३.६ आणि बायकोची बॅग ९. म्हणजे ४०.४. तिकिटं वेगवेगळी काढली असती, तर माझ्या एकट्याच्या जवळजवळ तीन किलोंचे पैसे लागले असते. बरोबर कुणी बिनसायकलीचं येत असेल, तर तिकीट एकत्रच काढा. वजन एकत्र धरतात का, हे मात्र त्या ईमेलमध्येच विचारून घ्या.

खोका सायकलच्या दुकानातून आणला. नवी सायकल ज्यात येते तो पुठ्ठ्याचा खोका दुकानदार सहसा देऊन टाकतात. आमचा साडेतीन किलोंचा होता. कडक कवचाची पेटी याच्या दुपटी-तिपटीनं जड असते आणि देशांतर्गत प्रवासात ते सगळं वजन आपल्याच १५ किलोंतून जातं. त्यामुळे महागडी कार्बन फ्रेम नसेल तर पुठ्ठाच बरा.

सायकल खोलायला पहिल्यांदा दोन तास लागले. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. हे माहीत नसल्यानं भाच्यानं अर्धा तास जोर लावला आणि शेवटी मेकॅनिककाकांना फोन केला. ‘अरे, तिकडून नाही, इकडून,’ एवढंच ते म्हणाले. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर अडकवा, नाहीतर वर दुसरं सामान पडलं की फोर्क दबतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो फ्रेमला अडकवणाऱ्या छोट्या धातूच्या तुकड्यासकट, सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. ही एक गोष्ट मी येताना आळसानं केली नाही. त्याचं पुढे लिहितो.

टायरमधली हवा काढायला सांगतात. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, साधारण ८,००० फुटांवर असतो तेवढा. त्यामुळे टायरवर जास्तीचा ताण चारेक पीएसआयचा, त्यानं ट्यूब फुटत नाही. पण काउंटरवर वाद घालू नका. बरीचशी हवा सोडा, रिमला धक्का लागू नये इतपत ठेवा. पॉवरबँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या खोक्यात अजिबात नकोत, त्या हातातल्या बॅगेत. ॲलन की, पाने हे मात्र खोक्यात. टायर फुगवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळ्या आणि चेनचा स्प्रे घरीच ठेवा, हातपंप न्या. ई-बाइक नेणार असाल तर तिची मोठी बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत, म्हणून तो विचार सोडा.

ओझर विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून. सायकलचा खोका साध्या टॅक्सीत मावत नाही, दोन खोके तर नाहीच. आम्ही ओळखीच्याचा छोटा टेम्पो केला. अडीच तास आधी पोहोचा, कारण मोठं सामान वेगळं तपासतात. दिल्लीत रात्रीचा मुक्काम होता, त्यामुळे खोके परत ताब्यात घ्यावे लागले. ते नेहमीच्या पट्ट्यावर येत नाहीत, मोठ्या सामानाची जागा वेगळी असते. आम्ही अर्धा तास चुकीच्या पट्ट्यापाशी उभे होतो.

लेहमध्ये पहिले तीन दिवस नुसता आराम केला, चौथ्या दिवशी थोडं फिरलो, सहाव्या दिवशी ‘खारदुंग ला’ ही खिंड. ३,५०० मीटरवरून ५,३५९ मीटरवर, चाळीसेक किलोमीटरची सलग चढण. कसारा घाट आणि त्र्यंबकचा रस्ता कितीही मारले असले तरी विरळ हवेची सवय तिथंच होते.

आता परतीचं. लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फुटांवर आहे. हवा विरळ आणि दुपारी तापलेली, त्यामुळे विमानाला उड्डाण करताना वजनाची मर्यादा पडते आणि बहुतेक विमानं सकाळीच निघतात. अशा ठिकाणी काउंटरवर वजन काटेकोर बघतात. बायकोनं जर्दाळू आणि लोकरीची शाल घेतली होती, अवजारंही आम्ही खोक्यात कोंबली. बेरीज झाली ४८. तीन किलोंचे १,८०० रुपये, ही आमची चूक, मान्य. पण ‘सायकल हाताळणी’ म्हणून दर सायकलीमागे १,२०० रुपये आणखी मागितले, जे ओझरला कुणी मागितले नव्हते. ईमेलची प्रिंट आम्ही हॉटेलवरच्या बॅगेत नव्हे, घरीच विसरलो होतो. विमान सुटायला पन्नास मिनिटं होती. पैसे भरले आणि पावती घेतली. पावतीवर पैसे कशाचे हे लिहून घेतलं, ते तुम्हीही करा, तक्रार त्यावरच उभी राहते.

शिवाय खोक्यावर ‘नुकसानीची जबाबदारी कंपनीची नाही’ अशा चिठ्ठीवर सही घेतात. सही करण्याआधी सायकलचे फोटो काढा. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईला २०,००० रुपयांची मर्यादा आहे, म्हणून लाखाच्या घरातली सायकल असेल तर वेगळा विमा हवाच.

पाच दिवसांपेक्षा कमी चालवायची असेल, तर लेहच्या बाजारात सायकल भाड्यानं घ्या. आम्ही नऊ दिवस चालवली, आम्हाला नेणं परवडलं.

ओझरला खोका तिथंच, विमानतळावरच उघडला. डिरेलर हँगर आत वाकला होता. बाहेर पडण्याआधी काउंटरवर नुकसानीचा अर्ज भरला, एक प्रत शिक्का मारून घेतली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककाकांनी हँगर बदलला. त्याच मॉडेलचा एक जादा हँगर आता माझ्या अवजारांच्या पिशवीत कायम असतो, वीस-पंचवीस ग्रॅमचा.