लॉर्टनच्या विटा आणि पीटी ग्रीनचा आवाज

उत्तर व्हर्जिनियात राहणारे आम्ही बरेच जण नवरात्रात फेअरफॅक्स स्टेशनच्या दुर्गा मंदिरात जातो. तिथून गाडीने जरा पुढे गेलं की लाल विटांच्या जुन्या इमारती लागतात. आता तिथे लोक राहतात, जवळच चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. २००१ पर्यंत हा वॉशिंग्टन शहराचा लॉर्टन तुरुंग होता, आणि त्या विटाही कैद्यांनीच भाजलेल्या. मी कित्येक वर्षं तिथून नुसती जात होते. पीटी ग्रीनवरचा 'टॉक टू मी' हा सिनेमा पाहिला, त्यानंतरच्या रविवारी गाडी कडेला लावून उतरले आणि भिंतीला हात लावून आले.

सिनेमा २००७ चा. दिग्दर्शिका केसी लेमन्स, नायक डॉन चीडल. राल्फ वाल्डो ऊर्फ पीटी ग्रीन हा याच लॉर्टनचा कैदी, सशस्त्र दरोड्यातला. तुरुंगातल्या रेडिओवर बोलता बोलता तो तयार झाला, १९६६ मध्ये सुटला आणि वॉशिंग्टनच्या डब्ल्यूओएल या रेडिओ स्टेशनवर जाऊन धडकला. तोंड फटकळ, कुणाची भीड नाही. मेयर असो की स्टेशनचा मालक, जे दिसतं ते बोलणार.

आमच्या ऑफिसात एक कृष्णवर्णीय बाई होत्या, आता निवृत्त झाल्या. त्यांचं बालपण वॉशिंग्टनच्या चौदाव्या रस्त्याजवळ गेलं. त्या सांगतात, आई स्वयंपाकघरात रेडिओ लावायची आणि पीटीची जीभ सैल सुटली की वर टॉवेल टाकायची, पोरांच्या कानावर नको म्हणून. पण बंद कधी केला नाही.

४ एप्रिल १९६८. मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्या रात्रीच चौदावा रस्ता पेटला. पुढच्या काही दिवसांत शहरात लष्कर आणावं लागलं. सिनेमाचा जीव या रात्रीत आहे. एरवी भडक कपड्यांत, हातवारे करत वावरणारा चीडल इथे माइकपुढे बसतो आणि लहान होऊन जातो. आवाज फाटतो, शब्द अडखळतात. तो लोकांना उपदेश करत नाही. तुमच्याइतकाच मीही पेटलोय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि तरीही तो घरी जा म्हणून विनवतो. लेमन्स इथे घाई करत नाहीत. माणूस बोलतोय, बाहेर शहर ऐकतंय, एवढंच दाखवतात. मी हा भाग तीनदा पाहिला, तिन्ही वेळा रडले.

चीडलला 'हॉटेल रवांडा'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ते योग्यच होतं. पण माझ्या मते त्याचं सर्वात मोठं काम हे आहे. टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा प्रसिद्ध सूत्रसंचालक जॉनी कार्सन, त्याच्या कार्यक्रमातला प्रसंग बघा. राष्ट्रीय टीव्हीवर नाव काढायची संधी, सगळे हसायला तयार, आणि हा नुसता उभा. मग सांगतो की तुमच्यासाठी मी नाचणार नाही. इतका वेळ गप्प राहून प्रेक्षकाला धरून ठेवणं किती नटांना जमेल?

पीटीचा मित्र आणि मॅनेजर ड्यूई ह्यूज चिवेटेल एजिओफॉरने केलाय. त्यासाठी त्याला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. जे बोलायला मी घाबरतो ते तू बोल, जे करायला तू घाबरतोस ते मी करतो, असं हे दोघांचं नातं. पटकथेच्या दोन लेखकांपैकी मायकेल जेनेट हा ड्यूईचाच मुलगा. या मैत्रीतली माया आणि भांडणं, दोन्ही इतकी खरी का वाटतात, ते त्यावरून समजतं.

तरी अमेरिकेत सिनेमाने पन्नास लाख डॉलरही कमावले नाहीत. लेमन्स यांचं नाव घ्यायचं तर लोक 'ईव्ह्ज बायू' किंवा 'हॅरिएट' म्हणतात, हा सिनेमा मधेच राहून जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

पीटी १९८४ च्या जानेवारीत गेला, अवघ्या ५२ व्या वर्षी. हजारो लोक अंत्यदर्शनाला आले. ऑफिसातल्या बाईंच्या आई कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या रांगेत उभ्या होत्या, दोन स्वेटर आणि वर कोट चढवून.

पाहणार असाल तर सबटायटल लावून पाहा. चीडल फार झपाट्याने बोलतो, आणि त्यातला एकही शब्द सुटू नये असं मला वाटतं.