औंदा पण हाच खड्डा का?

आमच्या शाळेतला वनमहोत्सव म्हणजे अर्धा सण आणि अर्धा गोंधळ. जुलैचा पहिला आठवडा, बाहेर भुरभुर पाऊस. सजवलेल्या पालखीत रोप, पुढे टाळ कुटणारी पोरं, अशी वृक्षदिंडी गावभर फिरून यायची. मग भाषण. हा उत्सव १९५० साली तेव्हाचे कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केला, हे दरवर्षी कुणीतरी पाठ करून सांगे. पहिलीतली पोरं मुन्शी म्हणजे आपल्याच शाळेचे कुणी जुने कारकून समजत.

सुरुवातीची काही वर्षं रोप लावायची जागा ठरलेली होती, झेंड्याच्या खांबाशेजारी. पाहुण्यांना चिखल तुडवावा लागत नसे आणि फोटोत शाळेची पाटीही यायची. दिवाळीच्या आत शेळ्या रोप फस्त करायच्या. एकदा सहावीतली एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, औंदा पण हाच खड्डा का?" पाहुणे हसले. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

पुढच्या वर्षी आम्ही मे महिन्यातच कुंपणाच्या कडेने दोन-दोन फुटांचे खड्डे काढून ठेवले. महिनाभर ऊन खाऊन माती चांगली तापली, मग शेणखत टाकलं. रोपवाटिकेतून आलेल्या रोपांची पिशवी ब्लेडने कापायची, हे मुलांना दाखवावं लागलं. एका करंजाची मुळं तळाशी शेवयांसारखी गोल गोल वळली होती. चौथीतला एक मुलगा मांडी ठोकून बसला आणि आई बहिणीच्या केसांतला गुंता काढते तशी एकेक मूळ सोडवत राहिला. पाहुणे हारासाठी ताटकळले. ताटकळू देत, म्हटलं.

आणखी एक फजिती सांगते. शाळा उघडली की पोरं जांभळी जीभ दाखवत खिशातून बिया आणायची. त्या मी डब्यात जपून ठेवल्या आणि पुढच्या पावसाळ्यात पेरल्या. एकही रुजली नाही. चिंचोके वर्षभर थांबतात, जांभळाची बी थांबत नाही, ती ताजीच पेरावी लागते. त्यानंतर शाळेच्या पहिल्याच दिवशी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून बिया टोचायला लागलो. ती रोपं पुढच्या वनमहोत्सवाला दिंडीत मिरवायची. उन्हाळ्यात घरी जाताना प्रत्येकाने बाटलीत उरलेलं पाणी आपापल्या झाडाला घालायचं, एवढा एकच नियम होता. काही जण मुद्दाम दिवसभर तहानलेले राहत, त्यांना रागवावं लागे.

सगळी जगली नाहीत. दोन जांभळं मात्र कौलांच्याही वर गेली आहेत. परवा शाळेत गेले तर नव्या बाई सांगत होत्या, जूनमध्ये आयांची एकच तक्रार असते, गणवेशावरचे जांभळे डाग काही केल्या निघत नाहीत.