बल्बच्या उजेडाची फिल्म आणि हर्णैची तिन्हीसांज

फुजीक्रोम ६४टी या टंगस्टन, म्हणजे बल्बच्या उजेडासाठी बनवलेल्या, स्लाईड फिल्मचे (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र उमटते) दोन रोल माझ्या फ्रीझरमध्ये बरीच वर्षे पडून होते. डब्यावरची मुदत २००८ साली संपलेली होती. ही फिल्म बनणेच केव्हाचे बंद झाले आहे. कोडॅकने २०१२ साली स्लाईड फिल्म थांबवून २०१८ साली एक्टाक्रोम परत आणली, पण तीही दिवसाच्या उजेडासाठीच आहे. त्यामुळे हे रोल कुठे वापरायचे याचा मी फार विचार केला आणि शेवटी नोव्हेंबरात ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड या वाटेने दापोली गाठून हर्णैला उतरलो.

टंगस्टन फिल्म मुळात स्टुडिओतल्या तापदिव्यांसाठी, म्हणजे ३२०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर प्रकाशासाठी घडवलेली असते. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा असल्यामुळे बाहेर ती सगळे निळे दाखवते. हा निळेपणा घालवण्यासाठी भिंगावर ८५बी नावाचा नारिंगी फिल्टर लावतात. मी तो मुद्दामच घरी ठेवला होता, कारण सूर्य बुडाल्यानंतरची कोकणातली वीस-पंचवीस मिनिटे निळीच असतात. आपल्या डोळ्यांना त्यांची सवय होते एवढेच.

फ्रीझरमधून काढलेला रोल दमट हवेत लगेच उघडायचा नसतो. मागे एकदा मी ती घाई केली होती आणि पहिल्या पाच-सहा फ्रेमवर ओलाव्याचे ठिपके उमटले होते. या वेळी डबी न उघडता तीन तास तशीच ठेवली आणि मगच रोल कॅमेऱ्यात भरला.

संध्याकाळी बंदरावर लिलाव रंगात आला होता. होड्या उथळ पाण्याबाहेर नांगरलेल्या होत्या, बैलगाड्या थेट लाटांत शिरून मासळी भरून आणत होत्या आणि ओल्या वाळूवर मांडलेल्या सुरमई-पापलेटच्या वाट्यांभोवती कोळणींचे कोंडाळे जमले होते. मागे समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याची काळी तटबंदी होती. ट्रायपॉड वाळूत खोल रोवून भिंगाचे छिद्र एफ ८ ला ठेवले आणि चार सेकंद उजेड दिला. तेवढ्या वेळात एक बैल पाण्यातून मान झटकत बाहेर आला. तो फ्रेममध्ये पुसट झाला आहे.

जुन्या फिल्मला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जादा द्यावा असा जो ठोकताळा सांगतात, तो निगेटिव्हचा आहे. स्लाईडला तो लावू नये असे माझे ठाम मत आहे. वयामुळे फिल्मच्या ज्या कणांवर धुके चढलेले असते, ते स्लाईड धुण्याच्या ई-६ प्रक्रियेतल्या पहिल्याच डेव्हलपरमध्ये उजेड लागल्यासारखे काळे होतात आणि नंतर रंग धरायला उरत नाहीत, म्हणून स्लाईडमधला काळोख आधीच विरळ झालेला असतो. त्यावर आणखी उजेड ओतला तर चित्र धुऊन निघते. मी ६४ आयएसओ संवेदनशीलतेची फिल्म ५० ची धरली, म्हणजे किंचितच जादा उजेड दिला, आणि तेवढ्यावर थांबलो.

उतरलो होतो त्या घरच्या काकूंच्या देवघरात अजून जुना तारेचा बल्ब होता. मी ट्रायपॉड लावताच त्या म्हणाल्या, "अहो, ट्यूब लावू का? एवढ्याशा उजेडात फोटो कसा यायचा?" मी त्यांना म्हटले, "नको काकू, हा बल्ब आहे म्हणूनच तर इथे काढतोय." त्या समईची वात सारखी करून बाजूला झाल्या.

रोल धुऊन आल्यावर लाईट टेबलावर पहिल्यांदा बंदराच्या स्लाईड पाहिल्या. आकाश गर्द निळे आले होते. तटबंदीचा काळा रंग मात्र जांभळट, थोडा पातळ पडला होता, आणि लिलावातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली मासळी पोलादासारखी दिसत होती. देवघराची स्लाईड शेवटी हाती आली. बल्बच्या उजेडातली चुन्याची भिंत, जी मला तिथे पिवळी दिसली होती, ती जवळजवळ पांढरी होती, समईची ज्योत शेंदरी होती, आणि उघड्या दारातून दिसणारे खळे तुळशीसकट निळ्यात बुडालेले होते.