सिनामोट आणि आपल्या याद्या

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत याद्या करायला बसले की मुलाकडच्यांचं पालुपद ठरलेलं, "आम्हाला काही नको हो, तुम्ही हौसेनं काय ते करा", आणि मग पोहे संपता संपता हळूच मानपानाच्या साड्या, अंगठी, पंगतीला किती माणसं वगैरे निघतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, पण साडीला कोण हुंडा म्हणणार! परवा रामबागेत एका नातेवाइकांकडे हेच चालू होतं आणि माझ्या डोक्यात बाटक लोक.

म्हणजे इंडोनेशियात उत्तर सुमात्रातले, तोबा सरोवराच्या आसपासचे. सध्या त्यांच्या लग्नांचे व्हिडिओ बघायचं वेडच लागलंय मला. तिथे मुलाकडचे मुलीकडच्यांना पैसे देतात, त्याला सिनामोट म्हणतात. ते ठरवायची बैठक म्हणजे मारहाता सिनामोट, आणि तिथे आईबाप नाही बोलत, दोन्हीकडून कुळातला एकेक जाणता माणूस बोलतो, आकडा सगळ्यांसमोर मोठ्यांदा, घासाघीसही उघड, मधेच एखादा यमकातला आशीर्वाद म्हणतो की अख्खी बैठक "इमा तुतु!" म्हणून साथ देते. मजा येते बघायला.

"म्हणजे मुलगी विकतातच की," असं कुणीही म्हणेल. शिकलेल्या मुलीसाठी आकडा चढतो हेही खरंय, ते मला नाही पटत. पण पैसा एकट्या बापाकडे राहत नाही, मुलीच्या काका-मामांनाही वाटा जातो, आणि मुलीकडूनही मासे येतात, नवरा-नवरीच्या खांद्यावर उलोस नावाचं विणलेलं वस्त्र घालतात. आणि मुख्य म्हणजे मुलगी देणारं घर, ज्यांना हुला-हुला म्हणतात, ते जावयाच्या घराला जन्मभर वरचढ! आशीर्वाद त्यांचाच घ्यायचा, मान त्यांना. आपल्याकडे मुलीचा बाप विहिणीपुढे हात जोडून उभा असतो ते आठवा जरा.

मला सगळ्यात आवडलं ते नवऱ्याच्या मामाचं. रीतीप्रमाणे मुलानं मामाची मुलगी करायची (हे आपल्या लोकांना काय समजावून सांगायचं), बाहेरची केली तर त्या मामाला तिंतिन मारांगकुप म्हणून वेगळे पैसे देतात, आणि मग तो नव्या सुनेला स्वतःची मुलगी मानतो. हे मात्र आपल्याकडे चालू करायला हरकत नाही, निम्म्या मामांचे रुसवे मांडवातच मिटतील.