पाचव्या दिवशी तुटला

गुरुवारी परत एक स्नायू तुटला, म्हणजे माझा नव्हे, लॅबमध्ये डिशमध्ये वाढवलेला. सकाळी इन्क्युबेटर उघडून बघते तर सहापैकी दोन पट्ट्या एका बाजूने सुटून दुसऱ्या टोकाला गोळा होऊन बसलेल्या, चघळून चिकटवलेल्या च्युइंगमसारख्या. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, मग फेविक्विक लाव की!

घरात माझं काम नक्की काय ते कुणालाच कळलेलं नाही, लग्नात कुणी विचारलं आणि 'सेल्सवर काम करते' म्हटलं की लोकांना वाटतं मी मार्केटिंगमध्ये आहे. तर सेल्स म्हणजे पेशी. आमच्याकडे सी२सी१२ असतात, उंदराच्या स्नायूच्या, मूळ लाइन (म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) १९७७ सालची आणि आज जगभर वापरतात. यांचा ताप असा की फ्लास्क गच्च भरला की त्या एकमेकींना चिकटून तिथेच तंतू व्हायला लागतात आणि मग वाढायच्या बंद, म्हणून साठ-सत्तर टक्के भरला की लगेच वेगळ्या करायच्या, मग रविवार असो नाहीतर दिवाळी.

पट्टी बनवायची म्हणजे पेशी आणि फायब्रिनोजेन एकत्र करून वर थ्रॉम्बिन घालायचं, जखमेवर रक्त गोठतं ना त्यातलंच हे प्रकरण. विरजणासारखंच, फक्त रात्रभर थांबायची चैन नाही, मिनिटाभरात घट्ट होतं, तेवढ्यात साच्यात ओतायचं आणि बुडबुडा येऊ द्यायचा नाही (बुडबुडा आला की हमखास तिथूनच फाटतं). साच्याच्या दोन्ही टोकांना वेल्क्रोचे तुकडे. पेशी जेलला आत ओढतात, टोकं पक्की असल्यामुळे ताण बसतो आणि त्या सगळ्या लांबीच्या दिशेने ओळीत लागतात. टोकं मोकळी सोडली तर नुसता गोळा होतो. मग सीरम (रक्तातला पातळ भाग, पेशींचा खुराक) कमी करून घोड्याचं दोन टक्के द्यायचं, थोडक्यात उपास, आणि उपाशी पेशी एकमेकींत मिसळून लांब तंतू बनवतात.

आता तुटलं का, तर पेशी स्वतःच फायब्रिन, म्हणजे ते घट्ट झालेलं जेल, विरघळवणारी एन्झाइम्स तयार करतात. ते थांबवायला मीडियात (पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात त्यात) अमिनोकॅप्रोइक ॲसिड घालतात, पाळीत जास्त रक्त जातं तेव्हा डॉक्टर ट्रॅनेक्सॅमिकच्या गोळ्या देतात ना, त्याचंच भावंड. मी नवीन बाटली केली, वर तारीख टाकली, आणि हेच घालायला विसरले. दोन दिवस कारण शोधत होते, पार इन्क्युबेटरला शिव्या घालून झाल्या.

एवढं कशाला, तर औषधं तपासायला. २०१५ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टीमने माणसाच्या पेशींपासून आखडणारा स्नायू केला आणि त्यावर स्टॅटिन, क्लोरोक्विन, क्लेनब्युटेरॉल घालून बघितलं, परिणाम पेशंटमध्ये दिसतात तसेच. पण यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जाड केला की मधला भाग ऑक्सिजनअभावी मरतो, म्हणून आमच्या पट्ट्या शेवयांएवढ्या. मांडीचा स्नायू वगैरे विसरा!

उरलेल्या चार पट्ट्यांना काल इलेक्ट्रोड लावले. सेकंदाला एक झटका दिला की एकदा टुचकन आखडायच्या, झटके वाढवत नेले तर मध्ये सैल व्हायला वेळच मिळेना, ताठ ओढून राहिल्या. तीनच हां, चौथी ढिम्म. व्हिडिओ आईला पाठवला, तिचा रिप्लाय आला, 'काय हलतंय त्यात?'