खुंझा हुमायूनवर रंग कुणी फिरवला?

नगरच्या निजामशहांचे पूर्वज आमच्या पाथरीचे कुलकर्णी होते, असं जुना इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्यामुळे त्या दरबाराची चित्रं मला परकी वाटत नाहीत. शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून नजर आधी रंगाकडे जाते, मग राजाकडे.

'तारीफ-ए-हुसेनशाही' हे आफताबी नावाच्या कवीचं फारसी काव्य. त्याची सचित्र पोथी पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन निजामशहा, 1565 ची तालिकोटची लढाई, विजयनगरच्या रामरायाचा शेवट हे सगळं त्यात येतं. पण कवीनं हुसेनशहाची राणी खुंझा हुमायून हिचंही भरभरून कौतुक केलंय, आणि चित्रकारानं तिला थेट सुलतानाजवळ बसवलंय. त्या काळच्या सुलतानी पोथीत राणी अशी उघड दाखवणं फार दुर्मीळ.

आज बहुतेक चित्रांत ती दिसत नाही. तिच्यावरून रंग फिरवलाय. लढाईनंतर त्याच वर्षी हुसेनशहा वारला, मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार आईनं हाती घेतला. 1569 च्या सुमाराला याच मुलानं तिला कैदेत टाकलं. तिची सत्ता गेली तेव्हाच चित्रातली राणीही बुजवली गेली असावी, असं अभ्यासक मानतात. मला ते पटतं. आकृतीवर जाड रंग चढवता येतो हो, पण मांडणी कशी बुजवणार? दोघांसाठी आखलेली बैठक एकट्या राजाला मोठीच पडते.

एका चित्रात मात्र ती वाचली. त्या चित्राचा विषय म्हणजे बाईचा स्पर्श झाला की झाड फुलतं, हा आपल्या संस्कृत काव्यातला जुना संकेत, आणि तो इथं फारसी पोथीत! बायकांच्या अंगात चोळ्या, पाठीवर लांबसडक वेण्या. इराणी पद्धतीच्या पोथीत आपल्या मुलखातली बाई अशी ऐटीत वावरते, याचं मला फार अप्रूप आहे.

आठवीच्या वर्गात मी सिंहासनाच्या चित्राची छापील प्रत फिरवली. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मॅडम, राजाच्या बाजूला हे काय खोडलंय?" मी सांगितलं, तिथं चांदबीबीची आई होती. 1595-96 मध्ये अकबराच्या फौजेपुढं नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीची. मग पोरींनी प्रत खिडकीच्या उजेडात धरून तिची कड शोधायला घेतली, आणि पुढचा तासही त्यातच गेला.